युनायटेडची आयलंड हॉपर: हॉनोलुलू ते ग्वाम, मायक्रोनेशियामार्गे

हॉनोलुलूहून ग्वामला थेट विमान आहे, सात-आठ तासांत नेऊन सोडतं. पण युनायटेडचीच दुसरी एक फ्लाइट आहे, नंबर 154, ती त्याच दोन टोकांमध्ये पाच ठिकाणी उतरत जाते. माजुरो, क्वाजालीन, कोश्राय, पोनपेई, चुक (जुनं नाव ट्रुक) आणि मग ग्वाम. अख्खा दिवस जातो. सगळे हिला आयलंड हॉपर म्हणतात. माझं मत आधीच सांगून टाकते, पॅसिफिकमधला एखादा छोटा देश खरंच समजून घ्यायचा असेल तर इतकं चांगलं दुसरं तिकीट मला माहीत नाही, फक्त एकच अट आहे, मध्ये उतरायचं. विमानवेडे लोक ही फ्लाइट एका दमात करतात, पाचही धावपट्ट्यांचे फोटो काढतात आणि संध्याकाळी ग्वामला झोपतात. त्यांना काय दिसतं? पाच छोट्या टर्मिनल बिल्डिंगा. देश त्याच्या पलीकडे आहे.

देश म्हणजे कुठला, तर मुख्यतः मायक्रोनेशियाची संघराज्यं, म्हणजे फेडरेटेड स्टेट्स ऑफ मायक्रोनेशिया. नाव लांबलचक, पण सगळी मिळून 607 बेटं आणि जमीन फक्त 702 चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईपेक्षा थोडीशीच जास्त, आणि लोकसंख्या एक लाखाच्या आसपास. ही एवढीशी जमीन 25 लाख चौरस किलोमीटरपेक्षा जास्त समुद्रात विखुरलेली आहे. पश्चिमेकडून पूर्वेकडे चार राज्यं, याप, चुक, पोनपेई, कोश्राय. प्रत्येकाची भाषा वेगळी, चालीरीती वेगळ्या, गव्हर्नर वेगळा, विधिमंडळ वेगळं, आणि घड्याळसुद्धा दोन, कारण याप-चुक एका वेळेवर आणि पोनपेई-कोश्राय एक तास पुढे. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जायला रस्ता असण्याचा प्रश्नच नाही, बोटी फार कमी आणि फार हळू, त्यामुळे चारपैकी तीन राज्यांना जोडणारी रोजच्या उपयोगाची गोष्ट म्हणजे हे विमान. आपल्याकडे दुर्गम गावाला जशी मुक्कामी एसटी, तशी तिथे ही फ्लाइट आहे आणि तिच्याकडे तसंच बघितलं तर सगळं वेगळं दिसायला लागतं.

आधी तिकीट आणि कागदपत्रांचं बोलते कारण तेच सगळ्यात आधी अडतं. हॉनोलुलू आणि ग्वाम दोन्ही अमेरिकेच्या हद्दीत, त्यामुळे भारतीय पासपोर्ट असेल तर अमेरिकेचा व्हिसा किंवा ग्रीन कार्ड हवंच. मायक्रोनेशियाचं उलट आहे, तीस दिवसांपर्यंत राहायला आधी व्हिसा काढायला लागत नाही, पासपोर्ट आणि परतीचं तिकीट दाखवायचं. तिकीट महाग आहे, स्पष्टच सांगते, रोख पैसे मोजून घ्यायला गेलं तर अंतराच्या मानाने फारच महाग, म्हणून बहुतेक लोक माइल्स (विमानप्रवासातून जमणारे पॉइंट) साठवून करतात आणि आम्हीही तेच केलं. फ्लाइट रोज नाही, आठवड्यातून काही ठरावीक दिवशीच आहे, त्यातही कोश्रायला प्रत्येक वेळी थांबतेच असं नाही, म्हणून एखाद्या बेटावर उतरायचं ठरवलं की पुढची फ्लाइट कधी ते बघून मुक्काम ठरवावा लागतो. दोन-तीन दिवस कमीत कमी. ही अडचण नाहीये, हेच बरं आहे, नाहीतर आपण कोणी थांबलो नसतो.

विमान साधं बोइंग 737, मधून एकच वाट, दोन्हीकडे तीन-तीन सीट. खिडकीचीच सीट घ्या, दुसरी घेऊ नका. सकाळी हॉनोलुलूहून निघतं, पाचेक तासांनी माजुरो येतं, आणि त्यात तारखेची रेषा ओलांडल्यामुळे एक दिवस कॅलेंडरमधून उडतो. माजुरो ही मार्शल आयलंड्सची राजधानी, तो वेगळा देश. उतरताना एका बाजूला खवळलेला निळाशार समुद्र आणि दुसऱ्या बाजूला शांत हिरवट लगून, म्हणजे प्रवाळाने वेढलेलं पाणी, आणि मधे जमिनीची इतकी अरुंद पट्टी की धावपट्टी, रस्ता आणि दोन-चार घरं एवढंच मावतं. इथे मी पहिल्यांदा समजले की प्रवाळबेट म्हणजे काय, शाळेत भूगोलात कंकणद्वीप म्हणून आकृती काढली होती ती एवढी नाजूक असते हे आकृतीत कळत नाही. विमानतळाला अमाता काबुआ यांचं नाव आहे, ते देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष आणि जन्माने मोठे पारंपरिक सरदारही.

पुढचा थांबा क्वाजालीन. हीसुद्धा मार्शल आयलंड्सचीच जमीन पण इथे अमेरिकी लष्कराचा तळ आणि क्षेपणास्त्र चाचणीचं ठिकाण आहे, परवानगी असलेल्यांनाच उतरता येतं, बाकीच्यांनी जागेवर बसून राहायचं, फोटोलाही बंदी. तळावर काम करणारे मार्शलीज लोक शेजारच्या इबाय नावाच्या बेटावर राहतात, जिथे अर्ध्या चौरस किलोमीटरपेक्षा कमी जागेत हजारो माणसं दाटीवाटीने आहेत, आणि रोज बोटीने कामावर येतात-जातात. याच देशात बिकिनी आणि एनेवेटाक या प्रवाळबेटांवर अमेरिकेने 1946 ते 1958 मध्ये 67 अणुचाचण्या केल्या. हे सगळं माहीत असताना त्या धावपट्टीवर खिडकीशी गप्प बसून राहणं मला फार जड गेलं आणि माझ्या मते ते जड जायलाच हवं.

मग कोश्राय, आणि एकदम दृश्य बदलतं. आतापर्यंत सपाट प्रवाळ होता, इथे समुद्रातून सरळ वर आलेले हिरवे गच्च डोंगर. जुना ज्वालामुखी. डोंगररांग झोपलेल्या बाईसारखी दिसते म्हणून तिला तिथले लोक स्लीपिंग लेडी म्हणतात. धावपट्टी किनाऱ्यालगतच्या प्रवाळात भर टाकून बांधलेली आहे आणि बेटाला रस्त्याने जोडलेली. साताएक हजार लोकवस्तीचं अख्खं राज्य एका बेटावर, चर्च जोरात, रविवारी खरोखर सगळं बंद, पोहायला जाणंसुद्धा लोकांना आवडत नाही. आम्ही इथे फक्त टर्मिनलपर्यंत उतरलो, त्यामुळे जास्त बोलत नाही. पण टर्मिनलमध्ये जे बघितलं ते सांगायलाच हवं, निरोप द्यायला आलेले लोक. एकाला सोडायला पंधरा-वीस माणसं, गळ्यात फुलांचे हार, डोक्यावर फुलांचे मुकुट, आज्या रडतायत, कोणी गाणं म्हणतंय. पोरगं अमेरिकेत कामाला किंवा सैन्यात चाललंय आणि परत कधी येईल ते कोणालाच माहीत नाही.

हे समजायला त्यांचं सरकार समजायला लागतं. दुसऱ्या महायुद्धानंतर 1947 पासून ही बेटं संयुक्त राष्ट्रांच्या वतीने अमेरिकेच्या ताब्यात होती, त्याआधी जपान, त्याआधी जर्मनी, त्याआधी स्पेन. 10 मे 1979 ला चार जिल्ह्यांनी स्वतःची राज्यघटना लागू केली, तीच मायक्रोनेशियाची संघराज्यं, बाकी मार्शल आणि पलाऊ आपापल्या वाटेने गेले. 3 नोव्हेंबर 1986 ला अमेरिकेशी कॉम्पॅक्ट ऑफ फ्री असोसिएशन नावाचा करार सुरू झाला. देश स्वतंत्र, 1991 पासून संयुक्त राष्ट्रांचा सदस्य, पण संरक्षण अमेरिकेकडे, बदल्यात अमेरिका पैसे देते आणि इथले नागरिक व्हिसाशिवाय अमेरिकेत राहू शकतात, काम करू शकतात, त्यांच्या सैन्यात भरती होऊ शकतात. मार्च 2024 मध्ये याच कराराच्या आर्थिक मदतीला पुढची वीस वर्षं मुदतवाढ मिळाली. चलन डॉलर, पोस्टाचे पिनकोड अमेरिकन पद्धतीचे. त्यामुळे ग्वाम, हवाई आणि अमेरिकेच्या मुख्य भूमीवर हजारो मायक्रोनेशियन आहेत, आणि त्यांचं जाणं-येणं याच विमानातून होतं. आमच्या पुढच्या रांगेत एक आजी नातवाला घेऊन परत चालल्या होत्या, पोराला घरची भाषा यावी म्हणून, हे त्यांनी मला स्वतःहून सांगितलं आणि मग पुढचा तासभर त्याला खिडकीतून एकेक गोष्ट दाखवत होत्या.

पोनपेई. इथेच उतरा. बाकी काही जमलं नाही तरी इथे उतराच.

उतरताना सोकेस रॉक नावाचा उंच काळा कातळ दिसतो, मग छोट्या बेटावरची धावपट्टी आणि तिथून समुद्रातल्या भरावाच्या रस्त्याने कोलोनिया गाव. पाऊस. रोज पाऊस, पोनपेई जगातल्या सगळ्यात जास्त पावसाच्या ठिकाणांपैकी एक आहे आणि ते पाच मिनिटांत पटतं. छत्रीपेक्षा पटकन वाळणारे कपडे न्या. आम्ही एका साध्या घरगुती लॉजवर राहिलो, खोली ठीकठाक, माणसं फार चांगली. जेवणात ट्युना, नारळ, भात, अळूचे कंद, रताळं-गराडूसारखे मोठे यॅम आणि नीरफणस! कोकणात आपण नीरफणसाची कापं करतो, तिथे तो मुख्य अन्न आहे, भाजून, उकडून, पूर्वी तर खड्ड्यात पुरून आंबवून महिनोन्महिने साठवायचे. शाकाहारी लोकांचं इथे उपाशी मरण नाही पण सांगून ठेवायला लागतं. आणि पान! हिरवी सुपारी अर्धी कापून, त्यात चुना, विड्याचं पान, बऱ्याच वेळा तंबाखू, आणि दिवसभर तोंडात. मूळ जोर यापचा पण आता पोनपेईलाही सगळीकडे दिसतं. रस्त्याच्या कडेला लाल पिचकाऱ्या बघून मला हसू आवरेना आणि दुकानदाराला सांगितलं की आमच्याकडेही हेच, तर तो इतका खूश झाला की पैसेच घेईना.

राजधानी पालिकिर कोलोनियापासून काही किलोमीटरवर डोंगरात आहे, 1989 पासून. गाव असं नाहीच, झाडीत काही सरकारी इमारती आणि जवळच कॉलेज. ज्यांना राज्यशास्त्राची आवड आहे त्यांनी जरूर जा, कारण यांची पद्धत फार विचार करून बनवलेली आहे. संसदेला काँग्रेस म्हणतात, सभागृह एकच, सदस्य 14. प्रत्येक राज्यातून एक सदस्य चार वर्षांसाठी, म्हणजे चार, इथे चुक मोठं आणि कोश्राय छोटं असा फरक नाही. बाकीचे दहा लोकसंख्येप्रमाणे दोन वर्षांसाठी, त्यात चुकचे पाच, पोनपेईचे तीन, याप आणि कोश्रायचा एकेक. राष्ट्राध्यक्षाला लोक थेट निवडत नाहीत, त्या चार चार-वर्षवाल्यांमधूनच काँग्रेस निवडते, आणि मग त्याची रिकामी झालेली जागा पोटनिवडणुकीने भरतात. राजकीय पक्ष नाहीत. पहिले अध्यक्ष तोसिवो नाकायामा, चुकचे, वडील जपानी. आत्ताचे वेस्ली सिमिना, 2023 पासून, तेही चुकचेच. पदावर राज्यांची आळीपाळी व्हावी अशी एक समजूत आहे पण लेखी नियम नाही, आणि त्यावरून कुरबुरी चालतातच. परदेशी माणसाला जमीन विकत घेता येत नाही, घटनेतच बंदी आहे, आणि मला वाटतं 702 चौरस किलोमीटरच्या देशासाठी यापेक्षा शहाणा नियम नसेल.

आणि या सगळ्याच्या खाली दुसरं, जुनं सरकार अजून चालू आहे. पोनपेई बेटाचे पाच जुने भाग, प्रत्येकाला एक नानम्वार्की, म्हणजे सर्वोच्च सरदार, त्याच्या खाली पदव्यांची लांब उतरंड. पदवी आईकडच्या कुळावरून आणि सेवेवरून मिळते. मोठ्या जेवणावळीत कोणी किती मोठा यॅम आणला, कोणाला साकाऊचा पहिला पेला गेला, यावर माणसाची पत ठरते. साकाऊ म्हणजे एका मिरीच्या कुळातल्या झुडपाची मुळं, ती सपाट काळ्या दगडावर दगडानेच कुटतात, जास्वंदीच्या जातीच्या झाडाच्या ओल्या सालीत गुंडाळून पिळतात, आणि जो चिकट, मातकट रस निघतो तो करवंटीतून पितात. दारू नाही, पण जीभ बधिर होते आणि अंग सैल पडतं. आता संध्याकाळी कोलोनियाभोवती साकाऊचे अड्डे लागतात, लोक हळू आवाजात बोलत बसतात. आम्ही लॉजच्या मालकीणबाईंच्या भावासोबत गेलो, त्याने आधी बजावलं की वडीलधाऱ्या माणसाच्या आधी करवंटीला हात लावायचा नाही, आणि ते पाळल्यावर सगळ्यांनी आम्हाला प्रेमाने सामावून घेतलं.

नान मडोलला एक पूर्ण दिवस द्या. मडोलेनिम भागाच्या किनाऱ्यावर उथळ पाण्यात शंभराच्या आसपास माणसांनी बांधलेली बेटं, मध्ये पाण्याचे कालवे, आणि बांधकाम बसाल्टच्या लांब षटकोनी खांबांचं, लाकडाचे ओंडके रचावेत तसे आडवे-उभे रचलेले, चुना-माती काही नाही. साधारण 1200 ते 1500 या काळातलं, साउदेलेर नावाच्या राजघराण्याची राजधानी, इसोकेलेकेल नावाच्या योद्ध्याने त्यांना हरवलं अशी परंपरा सांगते. नानदाउवास या मुख्य समाधीच्या भिंती सात मीटरच्या वर जातात. आपण सह्याद्रीवाले बसाल्ट बघत मोठे होतो, त्यामुळे तो दगड ओळखीचा वाटतो, आणि म्हणूनच तो दगड कसा वाहून आणला असेल ते कळत नाही म्हणून डोकं जास्त गरगरतं. 2016 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं आणि त्याच वेळी धोक्यातल्या यादीतही, कारण कालवे गाळाने भरतायत आणि खारफुटी भिंतीत शिरतेय. तिथे जाताना वाटेत ज्यांची जमीन आहे ते थोडे पैसे मागतात. द्या, घासाघीस करू नका, जमीन त्यांची आहे.

कोलोनियात पोराकिएत म्हणून एक वस्ती आहे तिथेही चक्कर मारा, दूरच्या कापिंगामारांगी बेटावरून आलेले पॉलिनेशियन वंशाचे लोक, लाकडावर कोरीव काम इतकं सुबक करतात की बॅगेत जागा ठेवूनच जा.

चुक आम्ही थोडक्यात केलं. एका प्रचंड लगूनमध्ये डोंगराळ बेटं, देशातली जवळजवळ निम्मी लोकसंख्या इथे. 17 आणि 18 फेब्रुवारी 1944 ला अमेरिकेने इथल्या जपानी नौदल तळावर हवाई हल्ले केले आणि चाळीसहून जास्त जहाजं बुडाली, ती अजून तळाशी आहेत, म्हणून जगभरातले डायव्हर येतात. डायव्हिंग येत असेल तर तुमचं मत माझ्यापेक्षा वेगळं असेल. चुकचं मुख्य बेट वेनो, तिथले रस्ते, पाणी, वीज यांची अवस्था कठीण आहे आणि चुकला संघराज्यातून बाहेर पडायचं का यावर मतदान घ्यायची चर्चा गेली कित्येक वर्षं चालू आहे, मतदान पुन्हा पुन्हा पुढे ढकललं गेलंय. रस्त्यावरून एकदा फिरलं की हा राग कुठून येतो ते कळतं.

आता सर्व्हिसबद्दल. क्रू उत्तम, बऱ्याच जणांना प्रवासी नावाने ओळखतात. सोबत एक मेकॅनिकही उडतो कारण मध्ये काही बिघडलं तर दुरुस्तीला माणूस कुठून आणणार, पायलटही जादा असतात. प्रत्येक थांब्यावर सामान उतरवून ओळख पटवायची, सीटखाली तपासणी, पुन्हा बसायचं, याला काही लोक कंटाळतात पण मला ते आवडलं कारण त्या अर्ध्या तासात कोण चढलं कोण उतरलं ते दिसतं. लोकांचं सामान म्हणजे आइसबॉक्स! कपड्यांच्या बॅगा कमी आणि मासे, यॅम, नीरफणस भरून चिकटपट्टी लावलेले आइसबॉक्स जास्त, नातेवाइकांसाठी. खाणं विमानात जेमतेम मिळतं, शाकाहारी असाल तर भाकरी-चटणी किंवा सुका खाऊ घेऊन चढा, फळं-भाज्या मात्र नको, प्रत्येक बेटावर क्वारंटाइनचे नियम आहेत.

मी या फ्लाइटचे गुण कापते ते एकाच गोष्टीला. 1968 मध्ये एअर मायक्रोनेशिया म्हणून ही सेवा सुरू झाली, काँटिनेंटल चालवायची, मग विलीनीकरणात युनायटेडकडे आली, आणि इतक्या वर्षांनंतरही बहुतेक थांब्यांना दुसरा खरा पर्याय नाही. आपण हौसेने जाणारे, माइल्सवर जाऊ. पण चुकच्या माणसाला ग्वामच्या दवाखान्यात जायचं असेल, कोश्रायच्या मुलीला बापाच्या मयतीला घरी यायचं असेल तर तिने काय करायचं? तिथल्या भाड्यांवर तिथल्या लोकांना परवडेल असा काहीतरी मार्ग निघायलाच हवा, त्यांच्या सरकारने, अमेरिकेने, कोणीही काढावा. सुट्टीच्या दिवसांत आणि मोठ्या अंत्यविधीच्या वेळी सीट मिळत नाहीत, त्यामुळे तुमच्या तारखा बदलण्यासारख्या असतील तर कोणी विचारलं की सरळ बदलून द्या.

याप या फ्लाइटवर नाही. तिकडे ग्वामहून वेगळं विमान आहे, दगडी चलनाच्या त्या मोठमोठ्या चकत्या तिथल्याच, आणि तिथल्या राज्यघटनेत पारंपरिक सरदारांच्या दोन परिषदा आहेत, पिलुंग आणि तामोल, ज्या परंपरेला बाधक कायदा अडवू शकतात. जुन्या पद्धतीने ताऱ्यांवरून 1976 मध्ये हवाई ते ताहिती होडी नेणारे माउ पियाइलुग याच राज्यातल्या सातावाल बेटाचे. 1 मार्चला याप डे असतो, नाच आणि होड्या बघायच्या असतील तर तेव्हाच जायचं, आमचं तेच ठरतंय. ग्वामच्या पुढचं तिकीट त्या दिवसांत लवकर भरतं असं तिथल्या लोकांनी सांगितलंय, तर आधी ते घ्या आणि मग आयलंड हॉपरच्या तारखा त्याला जुळवा, उलटं करू नका.